दिवसाला एकच डाव फुकट

"हे काय मेलं! ऐन रंगात आणून सोडून देतात," अनसूयाबाई मोबाइलला म्हणाल्या.

दुपारची वेळ होती. त्यांनी नुकतंच लीलाताईंना हरवलं होतं, आणि आपण नेमक्या किती हुशारीने जिंकलो हे त्यांना यंत्राच्या तोंडून ऐकायचं होतं. बुद्धिबळाच्या त्या साइटवर डाव संपला की एक मास्तर येतो. ही चाल छान, ही बरी, ही घोडचूक, असं एकेक दाखवत जातो. पण फुकटवाल्यांसाठी दिवसाला एकच डाव. अनसूयाबाईंनी तो सकाळीच कुठल्याशा ब्राझीलच्या माणसाशी हरलेल्या डावावर उधळला होता. आता पडद्यावर कुलूप दिसत होतं आणि कुलपाखाली बुटांची जाहिरात.

संध्याकाळी मुलीचा, यशश्रीचा, बंगळूरहून फोन आला, तेव्हा त्यांनी तक्रार केली.

"आई, ते फ्री आहे गं. फ्रीवाल्यांना एवढंच देतात."

"मग दाखवायचंच कशाला? आपल्या इंदरगंजचा मिठाईवाला पण चाखायला देतो तर अख्खा तुकडा देतो. हे म्हणजे पेढा दाखवून डबा बंद!"

"म्हणूनच तर लोक पैसे भरतात. थांब, तुला वाढदिवसाचं प्रीमियम घेऊन देते. साडी नको म्हणतेस ना दरवर्षी?"

"केवढ्याला?"

"ते तुला कशाला? भेट आहे. चूपचाप घे."

अनसूयाबाई गर्दे म्हणजे मुलींच्या शाळेच्या कचेरीतल्या निवृत्त क्लार्क. जन्म ग्वाल्हेरचा, नोकरी ग्वाल्हेरची, लग्नसुद्धा ग्वाल्हेरातच. माहेरून सासरी जायला त्यांना टांगासुद्धा लागला नव्हता, असं त्या स्वतःच सांगत. त्यांच्या आयुष्यात सांगण्यासारखं काही घडलं नाही, असं त्यांचं म्हणणं. लोक असं म्हणतात तेव्हा आपण मान डोलवायची असते. मग मधुसूदनराव गेले, आणि तेवढं एक घडलं.

नवरा गेल्यावर माणसं त्यांच्याशी आजारी माणसाशी बोलावं तशी बोलू लागली. भाजीवाला मोजून झाल्यावर दोन मिरच्या जास्त टाकायचा. भगिनी मंडळात त्या चुकीचं बोलल्या तरी कुणी खोडून काढीना. एकदा त्यांनी भजनात सूर सरळसरळ सोडला, तर मंदाताई म्हणाल्या, "किती गोड!" अनसूयाबाई घरी येऊन रडल्या. त्यांना दया नको होती. त्यांना कुणीतरी "चूक आहे तुझं" म्हणायला हवं होतं, आणि ते म्हणणारा माणूस फोटोत जाऊन बसला होता.

राहिल्या लीलाताई ढमढेरे.

लीलाताई त्याच शाळेत खेळ शिकवायच्या. गळ्यात शिट्टी, आवाज असा की सकाळची प्रार्थना त्यांनी म्हटली तर पडावच्या स्टेशनापर्यंत ऐकू जावी. वयाने थोड्या मोठ्या, म्हणून अनसूयाबाई त्यांना 'तुम्ही' म्हणत आणि लीलाताई 'तू'. मधल्या सुट्टीत कचेरीतल्या टेबलावर दोघींचा डाव मांडलेला असे. निवृत्तीनंतर लीलाताई मुलाकडे, समरजीतकडे, सिटी सेंटरच्या नव्या वस्तीत राहायला गेल्या आणि डाव मोबाइलवर गेला.

ढमढेऱ्यांचं घराणं जुन्या शिलेदारांचं. त्यांच्यात एक रीत आहे. ज्याच्या घरी दुखवटा असेल त्याच्यावर वर्षभर कुठल्याही खेळात जिंकायचं नाही. हरायचं, नाहीतर बरोबरीत सोडायचं. मधुसूदनराव गेल्यावर लीलाताईंनी हे लपवूनछपवून केलं नाही. सरळ येऊन सांगितलं, "अनसूया, आमच्याकडची रीत आहे. वर्षभर मी जिंकणार नाही. चिडायचं असेल तर चीड." आणि वर्षश्राद्धाच्या दुसऱ्याच दिवशी फोन: "झालं वर्ष. आता बघते तुला." त्या दिवशी लीलाताईंनी त्यांना धू धू धुतलं. अनसूयाबाई इतक्या खूश झाल्या की त्यांनी एकटीसाठी शिरा केला.

त्यानंतर पुन्हा पूर्वीसारखं सुरू झालं. कधी ही, कधी ती. आणि गेल्या काही महिन्यांत अनसूयाबाई सारख्या जिंकायला लागल्या होत्या. भगिनी मंडळात त्यांनी हे चारचौघींना ऐकवलं होतं. "प्रॅक्टिसने येतं हो सगळं. वय काही आडवं येत नाही," असं त्या म्हणत, जरा जास्तच सहजपणे.

तर प्रीमियम आलं. कुलूप निघालं, बूट गेले. अनसूयाबाईंनी चहा घेतला, चष्मा पुसला आणि लीलाताईंवर जिंकलेले मागचे सगळे डाव एकामागून एक मास्तरापुढे ठेवले. कौतुक ऐकायचं होतं.

पहिल्या डावात मास्तर म्हणाला, तुम्ही हरत होता. मग पलीकडून घोडचूक झाली.

दुसऱ्यात तेच.

तिसऱ्यात तर लीलाताईंचा डाव अगदी जिंकलेला होता. आणि ऐन वेळी त्यांनी आपला वजीर अनसूयाबाईंच्या उंटाच्या तोंडात नेऊन ठेवला होता. चांगला ढळढळीत उंट. तो काही लपून बसलेला नव्हता. शाळेतली नवशिकी पोर अशी चाल खेळली असती तर लीलाताईंनी तिला मैदानाला चक्कर मारायला लावली असती.

अनसूयाबाईंनी बरेच डाव पाहिले. सगळीकडे सुरुवात चोख, मधला खेळ खणखणीत, आणि मग एक लाल खूण. हत्ती फुकट. घोडा फुकट. पुढच्या चालीला मात दिसत असून राजा तिथेच.

त्यांनी मोबाइल पालथा ठेवला. त्यांना कळलं होतं, किंवा तसं वाटलं होतं. लीलाताईंची रीत संपलेलीच नव्हती. एक वर्षानंतर काही महिने खऱ्या खेळल्या असतील. मग बघितलं असेल, बाई अजून सावरलेली नाही, चला, हरू या. म्हणजे त्यासुद्धा जास्तीच्या दोन मिरच्या टाकणाऱ्यांतलीच! अनसूयाबाईंना भगिनी मंडळातलं आपलं बोलणं आठवलं आणि कानशिलं तापली. राग आला, लाज वाटली, आणि सगळ्यात जास्त म्हणजे अतिशय एकटं वाटलं.

दुसऱ्या दिवशी जेवण उरकून त्यांनी ई-रिक्शा केली आणि सिटी सेंटर गाठलं.

दार लीलाताईंच्या सुनेने, गरिमाने, उघडलं. "अरे मावशी! या ना. अचानक? सब ठीक?"

"ठीक आहे. लीलाताई कुठं आहेत?"

लीलाताई बाल्कनीत उन्हाला बसल्या होत्या. "अगं, ये! फोन नाही, काही नाही. बस. गरिमा, चहा टाक गं."

"मी चहाला नाही आले," अनसूयाबाई उभ्यानेच म्हणाल्या. "तुम्ही मुद्दाम हरता माझ्याशी."

"काय?"

"मला सगळं कळतं आता. यशश्रीने पैसे भरलेत. मशीन दाखवतं. जिंकलेले डाव तुम्ही फेकून दिलेत, एक नाही, सगळे. तुमची रीत वर्षाची होती नं? मग? मी काय जन्मभर दुखवट्यात बसलेय?"

लीलाताईंचा चेहरा लाल झाला. त्यांना राग आला की आधी मान ताठ व्हायची, मग आवाज चढायचा.

"अनसूया, तोंड सांभाळून बोल. ढमढेऱ्यांच्या घरात सांगून हरतात. चोरून नाही. मी हरले ती हरले. मला काय कमी लागलं का ते? तू जिंकलीस की मी दोन-दोन घास कमी जेवते, विचार हिला!"

"सच्ची मावशी," गरिमा आतून म्हणाली. "इतना मूड खराब होतो नं आईंचा, की समरजीत पण घाबरून राहतात."

"मग वजीर माझ्या उंटापुढं कसा ठेवलात?"

"कुठला उंट? नसेल तिथं उंट!"

"होता!"

"मांड," लीलाताई म्हणाल्या. "आत्ता मांड. समोरासमोर. मशीन नाही, काही नाही. बघू कोण कोणाला काय फेकून देतं ते."

लाकडी पट आला. तिपाईवर मांडला गेला. दोघी रागाने खेळू लागल्या, आणि रागात दोघींचाही खेळ छान होई. लीलाताईंनी भराभर मोहरे बाहेर काढले. अनसूयाबाईंचा एक घोडा गेला. मग एक प्यादं. त्या हरत होत्या आणि हळूहळू त्यांचा राग उतरत होता. हा खेळ दयेचा नव्हता. अशी दया कुणी करत नाही.

गरिमाने चहा आणून ठेवला. लीलाताईंनी हत्ती उचलला आणि पुढे सरकवला. अगदी अनसूयाबाईंच्या उंटाच्या वाटेत. उंट पटाच्या कडेला, लीलाताईंच्या डाव्या हाताला, सरळ दिसेल असा उभा होता.

"हे बघा! परत!" अनसूयाबाई ओरडल्या आणि उंटाने हत्ती मारला.

लीलाताई पटाकडे बघत राहिल्या. "हा उंट कुठनं आला?"

त्या चेहऱ्यावर नाटक नव्हतं. शाळेच्या स्नेहसंमेलनात लीलाताईंना कधी कुणी काम दिलं नव्हतं, त्याला कारण होतं.

"गरिमा, चहा मावशीलाच दिलास का? माझा कुठंय?"

"आई, ठेवला नं. तुमच्या बाजूलाच आहे."

चहा लीलाताईंच्या डाव्या कोपराजवळ वाफाळत होता. अनसूयाबाईंनी कप उचलला आणि उजवीकडे ठेवला.

"हा काय, इथंच आहे की," लीलाताई म्हणाल्या आणि घोट घेतला.

अनसूयाबाईंनी मोबाइल काढला. घरी त्यांनी सगळे डाव आपल्या बाजूने पाहिले होते. आता त्यांनी पट फिरवला, म्हणजे लीलाताई जशा बसतात तसा, आणि एकेक लाल खूण पुन्हा काढली. उंट डावीकडे. हत्ती डावीकडे. मात डावीकडून. उजव्या बाजूला एकही चूक सापडेना.

"लीलाताई, स्कूटी अजून चालवता?"

"का नाही चालवणार? आज सकाळीच इंदरगंजला जाऊन आले."

"मावशी, तुम्हीच सांगा यांना!" गरिमाला बांध फुटावा तसं झालं. "डावीकडचा आरसा परत तुटला. दुसऱ्यांदा. दाराला खांदा आपटतात. मैं बोलूँ तो कहती हैं, मला म्हातारी समजू नको."

"पडावचे रिक्शावाले कसे घुसतात तुला माहीत आहे नं? तेच मारतात आरसा," लीलाताई म्हणाल्या. मग जरा थांबून, हळू आवाजात: "आणि रस्तेपण अरुंद झालेत अनसूया, सगळे. तुला नाही वाटत?"

अनसूयाबाईंना एकदम भीती वाटली. इंदरगंजच्या चौकात चारी बाजूंनी काय काय येतं हे त्यांना माहीत होतं. त्यातली एक बाजू या बाईला नव्हतीच.

"माझ्याकडे बघा," त्या म्हणाल्या. "माझ्या नाकाकडे. मान हलवायची नाही." आणि त्यांनी आपला उजवा हात, म्हणजे लीलाताईंच्या डावीकडचा, बाजूला धरून बोटं हलवली. "काय हलतंय?"

"कुठं काय?"

मग त्यांनी दुसऱ्या बाजूचा हात हलवला. लीलाताई म्हणाल्या, "बोटं हलवतेयस. वेडी झालीस का?"

त्या संध्याकाळी समरजीत ऑफिसातून आला तेव्हा अनसूयाबाई तिथेच बसल्या होत्या. त्यांनी त्याला दारातच गाठलं. लीलाताई तीन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत, कारण समरजीतने स्कूटीची चावी कपाटात टाकली होती. "घरात येऊन चुगली करून गेली," हे त्यांचं वाक्य गरिमाने इमानाने पोहोचवलं.

डोळ्यांच्या डॉक्टरने डोळे चांगले आहेत म्हणून सांगितलं आणि मेंदूच्या डॉक्टरकडे धाडलं. तिथे फोटो निघाले. मेंदूच्या मागच्या भागात कधीतरी छोटा झटका येऊन गेला होता. दुखलं नाही, खुपलं नाही, हातपाय धड राहिले. फक्त दोन्ही डोळ्यांचं डावीकडचं जग निघून गेलं, आणि ते गेल्याचं कळवायलाही कुणी आलं नाही. डॉक्टरांनी लीलाताईंना सांगितलं की एवढ्या काळानंतर गेलेलं बहुधा परत यायचं नाही. पण पुढचा झटका टाळायला औषधं आहेत, आणि ती वेळेत सुरू होतायत. डावीकडे मान वळवून बघायची सवय लावून घ्या. गाडी चालवायची नाही.

"कधीच?" लीलाताईंनी विचारलं.

"कधीच," डॉक्टर म्हणाले.

हे अनसूयाबाईंना लीलाताईंनीच फोनवर सांगितलं, चौथ्या दिवशी. मग लीलाताई म्हणाल्या, "स्कूटी गरिमाला दिली. ती हॉर्न फार वाजवते."

"वाजवू दे."

"हो. वाजवू दे."

डाव पुन्हा सुरू झाले. घड्याळ न लावता. चालीला वाटेल तेवढा वेळ. आणि अनसूयाबाईंनी काय करावं? वजीर लीलाताईंच्या डाव्या बाजूला नेणं त्यांनी टाळायला सुरुवात केली. उंट तिकडे जातच नसे. एखादा हत्ती फुकट मिळत असला तर त्या दुसरीच काहीतरी साधी चाल खेळत. हे आपण का करतो, याचा त्यांनी विचार केला नाही. आंधळ्या माणसाच्या ताटातलं उचलू नये, इतकं ते त्यांना सरळ वाटलं. डाव बरोबरीत सुटू लागले, कधी लीलाताई जिंकू लागल्या, आणि फोनवर त्यांचा आवाज पूर्वीसारखा मोठा झाला. अनसूयाबाईंना बरं वाटे.

एका सकाळी लीलाताईंचा फोन आला.

"अनसूया, समरजीतने मला पण ते पैशाचं घेऊन दिलं. तुझ्यासारखं."

"अगबाई, कशाला?"

"मी कुठं कुठं चुकते ते बघायला. डॉक्टर म्हणाले नं, सवय करा. म्हटलं, रोज पाढे म्हटल्यासारखं बघायचं, डावीकडे काय काय सुटलं ते. पण मशीन मला भलतंच सांगून राहिलंय."

अनसूयाबाई खुर्चीच्या कडेला टेकल्या.

"परवाचा डाव. मी वजीर तुझ्या उंटापुढं ठेवला. माझ्याच डावीकडे, मला दिसला नाही. ठीक. पण तुला तर दिसत होता नं? तू घेतला नाहीस. कोपऱ्यातलं प्यादं सरकवलंस. मशीन म्हणतं, घोडचूक. तुझी."

"असेल. लक्ष नव्हतं."

"आणि त्याच्या आधीचा? त्यात हत्ती सोडलास. त्याच्या आधीचा?" लीलाताईंचा आवाज चढला नाही, हेच वाईट होतं. "माझ्या दारात उभी राहून काय म्हणाली होतीस? मी काय जन्मभर दुखवट्यात बसलेय? आणि मी गं? मी कशात बसलेय?"

"लीलाताई..."

"मला रस्त्यावर सगळे हाताला धरतात आता. दूधवालासुद्धा. समरजीत पाण्याचा ग्लास माझ्या उजव्या हातात आणून देतो, मी मागायच्या आधी. तेवढं पुरे आहे मला. तू नको."

फोन बंद झाला. हे दुःख त्यांच्या चांगल्या ओळखीचं होतं, आणि या वेळी ते त्यांनीच दिलं होतं.

दुपारी त्या पुन्हा सिटी सेंटरला गेल्या. लीलाताईंनी दार स्वतः उघडलं आणि त्या बाजूला झाल्या. अनसूयाबाईंनीच पट काढला आणि मांडला. "खेळू या," त्या म्हणाल्या. "नीट."

"नीट म्हणजे?"

"नीट म्हणजे नीट."

हिवाळ्याचं ऊन बाल्कनीतून सरकत होतं. लीलाताई प्रत्येक चालीआधी मान डावीकडे वळवत, मोठा रस्ता ओलांडताना वळवावी तशी पूर्ण, आणि पटाच्या कडेपासून एकेक घर बघत उजवीकडे येत. वेळ लागत होता. अनसूयाबाई थांबत होत्या. पटाकडे बघत होत्या, त्यांच्याकडे नाही. दोनदा लीलाताईंनी डावीकडचा धोका शोधून काढला आणि घोडा वाचवला. एकदा तर उलट फिरून अनसूयाबाईंचाच हत्ती धरला. "आँ? कसं वाटलं?" त्या म्हणाल्या, आणि शाळेतल्यासारख्या हसल्या.

मग खेळ मोकळा झाला, आणि लीलाताई दमल्या. एका चालीला त्यांनी मान वळवली खरी, पण शेवटची कड राहिली. राजा जिथे ठेवला तिथे डावीकडून वाट उघडी होती.

अनसूयाबाईंना ते लगेच दिसलं. त्यांचा हात वजिरावर गेला आणि तिथेच थांबला. प्यादं सरकवता आलं असतं. कुणाला कळलं नसतं, इथे मशीन नव्हतं. त्यांना रडू आलं, ते त्यांनी गिळलं, आणि वजीर पार शेवटच्या घरापर्यंत नेऊन ठेवला.

"शह," त्या म्हणाल्या. "आणि मात."

लीलाताईंनी पटाकडे बघितलं. वजीर त्यांना दिसला नाही. त्यांनी मान वळवली, अजून वळवली, खांद्यापर्यंत नेली, आणि मग तो सापडला.

"दिसला," त्या म्हणाल्या. "बरोबर आहे. मात आहे."

त्यांनी आपला राजा आडवा केला. समोरून अनसूयाबाईंनी हात पुढे केला. तो लीलाताईंच्या डाव्या बाजूनेच येत होता. लीलाताईंनी पुन्हा मान वळवली, हात शोधला, आणि घट्ट धरला.